डब्याच्या अलीकडे की पलीकडे?

जव्हार-मोखाड्यात नेट अडखळलं की दोष द्यायला आरोपींची कमतरता नसते. टॉवर आहे, घाट आहे, पाऊस आहे, कंपनी तर आहेच. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचं हे पठार, तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा पाऊस आणि डोंगराआड विखुरलेले पाडे पाहिले, तर यांतले काही आरोपी खरोखर गुन्हेगारही असतात. पण बाजारपेठेतल्या घरांत आणि दुकानांत आता फायबरचा डबा भिंतीवर दिसू लागला आहे. तो आल्यापासून बऱ्याचशा तक्रारी घराच्या आतच जन्माला येतात आणि उगाच घाटाखाली पाठवल्या जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून कुणी 'नेट स्लो आहे' म्हटलं की आधी एवढंच विचारावं: डब्याच्या अलीकडे स्लो आहे की पलीकडे? उत्तर शोधायला तंत्रज्ञ लागत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. लॅपटॉप नसेल तर फोन घेऊन राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहा. तिथे प्लॅनइतका वेग मिळतो आणि मागच्या खोलीत मिळत नाही, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, दुरुस्ती तुमच्या घरात आहे. राउटरच्या अगदी जवळही तो मिळत नसेल, तर कितीही महागाचा नवा राउटर आणा, बहुधा फरक पडणार नाही. पुढचे बहुतेक गैरसमज ही हद्द न ओळखल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज: 'मोठा, चार अँटेनांचा राउटर घेतला की नेट जोरात येईल'

राउटर नेट तयार करत नाही. पलीकडून जेवढं येतं तेवढं तो घरात वाटतो. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन असेल तर आठ अँटेना लावूनही पन्नासच मिळणार.

अँटेना जास्त म्हणजे पल्ला जास्त, हेही अर्धसत्य आहे. जास्त अँटेनांमुळे एकाच वेळी माहितीचे जास्त प्रवाह पाठवता येतात, पण साधारण फोनमध्ये असे दोनच प्रवाह हाताळण्याची सोय असते. शिवाय हे बोलणं दुतर्फा आहे. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनच्या इवल्याशा रेडिओचं उत्तर राउटरपर्यंत पोचायला हवं ना? त्यामुळे कधीकधी फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

अँटेना कशा उभ्या करायच्या, याबद्दल मात्र बोलायला हवं. त्या टीव्हीच्या जुन्या अँटेनासारख्या कुणाच्या तरी दिशेने रोखायच्या नसतात. काडीसारखी अँटेना टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच फेकत नाही, ती तिच्या बाजूंना फेकते. उभी ठेवली तर लहरी त्याच मजल्यावर पसरतात. माडीवर रेंज हवी असेल तर एखादी अँटेना आडवी करून पाहा. याला पैसे पडत नाहीत.

गैरसमज: 'भिंत ती भिंत'

या भागात तर हे अजिबातच खरं नाही, कारण इथे एकाच आळीत तीन प्रकारची घरं उभी असतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप: असल्या भिंतीतून वायफाय, ती कोरडी असेल तर, फारसं न अडखळता जातं. जव्हार शहरातल्या संस्थानकाळातल्या घरांच्या दगडी किंवा जाड विटांच्या भिंती त्याला चांगलंच थकवतात. सळया घातलेला नवा स्लॅब त्याहून कठीण.

आणि मग पत्रा. धातूचा पत्रा लहरींना थकवत बसत नाही, सरळ परत फिरवतो. दुकानाच्या मागे पत्र्याची पडवी काढून तिथे मुलाला अभ्यासाला बसवलं असेल, तर पुढच्या राउटरची रेंज तिथे दारातून किंवा खिडकीतून शिरेल तेवढीच. लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरशाच्या काचेमागचा धातूचा लेपही हेच करतात. पाण्याची टाकी लहरी शोषून घेते. म्हणजे टीव्हीच्या मागे, कपाटाच्या वर, भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेला राउटर पहिल्या दिवसापासून हात बांधून काम करत असतो.

तो तिथे का असतो? कारण जोडणी करणाऱ्याची केबल पुढच्या दारातून आत येते आणि त्याला तिथेच डबा ठोकून मोकळं व्हायचं असतं. भिंतीला भोक पाडायच्या आधी त्याला सांगा की डबा घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीवर, मोकळ्या जागी हवा. दहा मीटर जादा केबलचा प्रश्न असतो. एकदा का काम झालं, की तो दहा मीटरसाठी पुन्हा येत नाही.

गैरसमज: 'आमच्या राउटरला फाइव्ह-जी आहे'

राउटर चालू केला की दोन नावं दिसतात आणि एकाच्या शेपटीला '५जी' लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काडीचाही संबंध नाही. मोबाइलची पाचवी पिढी भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. राउटरवरचं '५जी' म्हणजे पाच गिगाहर्ट्झचा पट्टा. तो त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांत आहे.

दुसरा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. त्याच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, पाचच्या लहरीची साधारण सहा. जितकी लांब लहर तितकी ती भिंतीतून बरी जाते. म्हणून राउटर असलेल्या खोलीत आणि फार तर शेजारच्या खोलीत पाचचा पट्टा वेगवान, आणि जाड भिंती ओलांडून अंगणापर्यंत जायचं तर २.४ चा. स्वस्तातले कॅमेरे, स्मार्ट बल्ब हे तर बहुधा २.४ वरच चालतात. ते जोडले जात नाहीत म्हणून परत करण्याआधी फोन कोणत्या नावावर आहे ते पाहावं.

२.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न अडकवणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. बाजारपेठेत दहा दुकानांचे दहा राउटर असतील तर ते याच तिघांत वाटून घ्यायला हवेत. तिसऱ्या किंवा नवव्या मार्गावर बसणारा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही भोगतो. एकटं घर असलेल्या पाड्यावर ही चिंता नाही, तिथे हवा मोकळी असते. तेवढं एक सुख.

गैरसमज: 'वायर आता कोण वापरतं?'

वापरायला हवी. सगळ्यात जास्त आग्रह मी याच एका गोष्टीचा धरीन. जिथे भिंती जाड आहेत, पत्रे आहेत, खोल्या एकामागोमाग आगगाडीसारख्या आहेत, तिथे वायफायच्या युक्त्यांवर घालवलेल्या पैशांच्या एका अंशात केबल टाकून होते आणि ती वर्षानुवर्षं चालते. टीव्ही, डेस्कटॉप, दुकानातला बिलाचा संगणक, कॅमेऱ्याचा डीव्हीआर ही माणसं नव्हेत, ती हिंडत नाहीत. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायरच द्यावी. मग हवेतला मार्ग फोनसाठी मोकळा राहतो.

केबल 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' मागावी. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, म्हणजे घरासाठी मुबलक. फसगत होते ती तांब्यात. स्वस्त केबलमध्ये तार ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा. घेताना तारेचं टोक चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं तर केबल परत करा. अशी तार दमट हवेत सांध्याशी लवकर खराब होते आणि वाकवताना तुटते. चार महिने भिंतींना ओल येणाऱ्या गावात हा छोटा मुद्दा नाही.

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर एमबीपीएसपर्यंत त्यांतल्या दोनच जोड्या कामाला लागतात. त्यापुढे गिगाबिटला चारही लागतात. म्हणून उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी जॅकमध्ये नीट बसली नाही तर नेट बंद पडत नाही, फक्त शंभरच्या आत अडकतं, आणि कुणाला पत्ता लागत नाही. जॅक दाबताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा. इथे सर्रास वापरला जातो तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधला हिरवा निळ्याने तोडलेला पाहून नवशिक्याला वाटतं की छापताना चूक झाली. तसं नाही, तो क्रम तसाच आहे.

आणखी एक फसवं ठिकाण म्हणजे राउटरचं भोक. स्वस्त राउटरवर मोठ्या अक्षरांत १२०० वगैरे आकडा असतो. तो दोन्ही पट्ट्यांच्या वायफायची कागदावरची बेरीज. पण मागची लॅनची आणि वॅनची (बाहेरून नेट आत येतं ते) भोकं शंभर एमबीपीएसचीच असतात. दोनशेचा प्लॅन घेऊन असा राउटर लावला की हातात पंच्याण्णवच्या आसपास पडतात आणि उरलेल्याचे पैसे दर महिन्याला वाया जातात. खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' लिहिलंय का, एवढं वाचावं.

केबल लाईटच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. केसिंग-पट्टीतून नेली तर उंदरांपासून वाचते. घराबाहेरून नेणार असाल तर काळ्या जाड आवरणाची, उन्हाला टिकणारी घ्या. आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून ठिबकून जातं. झोळ दिला नाही तर आषाढात तेच पाणी केबलच्या आधाराने थेट राउटरवर उतरतं.

गैरसमज: 'रेंज येत नाही तिथे रिपीटर लावला की काम झालं'

जिथे रेंजच नाही तिथे रिपीटरला तरी ती कुठून मिळणार? तो जे ऐकतो तेच पुन्हा बोलतो. त्याला अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे अशा जागी लावायचं असतं. तिथेही त्याला एकच पट्टा असेल तर ऐकणं आणि बोलणं एकाच मार्गावर आळीपाळीने होतं, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. व्हॉट्सॲपला चालतं, मुलाच्या ऑनलाइन वर्गाला कुरकुर सुरू होते.

यापेक्षा घरात पडलेला जुना राउटर कामाला लावा. एक केबल मागच्या खोलीपर्यंत न्या आणि तिच्या टोकाला तो जोडा. पण जोडण्याआधी त्याच्यात चार बदल हवेत, आणि नेमके हेच चार राहून जातात. लॅपटॉप त्या जुन्या राउटरला जोडून त्याचं पान उघडा. पत्ता त्याच्या बुडाच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मुख्य राउटरचा पत्ताही तोच असेल तर दोघांची टक्कर होते, म्हणून जुन्याचा बदला: मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचं डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला क्रमांक वाटणारा कारकून. एका घरात असे दोन बसले की एकजण भलतेच क्रमांक वाटतो आणि 'कधी चालतं, कधी नाही' हा सगळ्यात चीड आणणारा रोग जडतो. तिसरा बदल, वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्या, म्हणजे फोन एका खोलीतून दुसरीत जाताना स्वतःच पलटी मारेल. चौथा, मार्ग वेगळा ठेवा: पुढचा १ वर तर मागचा ६ वर.

केबल मुख्य राउटरच्या लॅनमधून निघून जुन्या राउटरच्या लॅनमध्येच जावी. वॅनचं भोक, म्हणजे वेगळ्या रंगाचं ते एकुलतं एक, रिकामं ठेवा. त्यात जोडली तर घरात दोन वेगवेगळी जाळी तयार होतात आणि पुढच्या खोलीतल्या फोनला मागच्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही. नव्या राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट मोड' नावाचं बटण असतं. ते निवडलं की यातलं बहुतेक काम तो स्वतः करतो.

आजकाल 'मेश'ची जाहिरात असते. ती वाईट वस्तू नाही, पण तिचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर दगडी भिंत त्यांनाही तितकीच नडते. मेशच्या डब्यांनासुद्धा केबल लावता येते आणि तेव्हाच ती खरी फुलते.

गैरसमज: 'पावसात वायफाय मंदावतं'

हा समज छत्रीवरून, म्हणजे टीव्हीच्या डिशवरून आला असावा. जोराचा पाऊस लागला की डिशचं चित्र जातं हे सगळ्यांनी पाहिलंय. डिशच्या लहरी अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि त्यांना पावसाच्या थेंबांचा खरोखर त्रास होतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झना घरातल्या अंतरावर पाऊस जवळजवळ जाणवतच नाही. पावसात जे बिघडतं ते दुसरंच: भिजलेली मातीची भिंत, पाणी शिरलेला खांबावरचा सांधा, वरखाली होणारं व्होल्टेज.

एक अपवाद मात्र इथल्या जंगलाचा. काही ठिकाणी नेट फायबरने न येता एका टेकडीवरून दुसरीकडे रोखलेल्या रेडिओ डिशमधून येतं, बहुधा पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. दोन्ही डिशना एकमेकींचं मोकळं दर्शन लागतं. आता हा पानझडीचा मुलूख. उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो, त्याच्या काट्याकुट्यांतून मार्ग निघतो आणि डिश लावणारा समाधानाने उतरतो. पावसाळ्याच्या तोंडावर सागाला टोपलीएवढी पानं फुटतात, ती ओली होतात, आणि जोडणी खालावते. लोक म्हणतात पावसाने नेट गेलं. गेलं ते पानांनी. डिश लावताना मधली झाडं भर पावसाळ्यातली कल्पून पाहावीत आणि खांब तेवढा उंच घ्यावा.

याच अडचणीवर पालघर जिल्ह्यातच एक प्रयोग झाला आहे. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पात प्रा. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी खेड्यांना नेट देण्यासाठी वापरून पाहिल्या. त्या लहरी हातभर लांब, झाडीतून बऱ्याच सहज जाणाऱ्या. सुरुवात सात खेड्यांपासून झाली. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तो पट्टा अजून तुमच्या-आमच्या राउटरमध्ये आलेला नाही, पण झाडी हा किती खरा अडथळा आहे हे त्यावरून कळतं.

गैरसमज: 'फायबर काचेचं, त्याला विजेची भीती नाही'

काच वीज वाहून नेत नाही, इथपर्यंत बरोबर. पण घरापर्यंत येणाऱ्या केबलला ताण सोसण्यासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. डबा अडॅप्टरमधून लाईटला जोडलेला असतो आणि लॅनच्या तांब्यातून टीव्हीला. वीज यांपैकी कुठूनही शिरते. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. अडॅप्टर प्लगमधून काढा, लॅनची वायरही काढा. गाव-खेड्यात आणखी एक शत्रू म्हणजे तुटलेला न्यूट्रल. तो तुटला की घरात चारशे व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि पहिला बळी अडॅप्टरचा जातो.

घर आणि अंगणापलीकडचं दुकान अशा दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर मधे तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. तिथे फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन यांना जोडणारा छोटा डबा, हाच शहाणपणा. फायबर घरात आल्यावर तिची वेटोळी घट्ट आवळून खिळ्याला लटकवण्याचीही पद्धत आहे. प्रकाश वळणावर गळतो. वेटोळं वाटीच्या नाही, ताटलीच्या आकाराचं असावं.

गैरसमज: 'लाईट गेली की नेट गेलंच'

नेहमी नाही. कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंतचं फायबरचं जाळं ज्या पद्धतीने आज टाकतात, त्यात मधल्या खांबांवरच्या डब्यांना विजेची गरजच नसते. ते फक्त प्रकाश वाटून देतात. केंद्राला बॅटरी किंवा जनरेटर असेल आणि तुमचा डबा चालू असेल, तर सगळं गाव अंधारात असताना नेट चालतं. जिथे केबलवाला तांब्याची केबल आणि खांबाखांबावर स्विच लावून सेवा देतो, तिथे मात्र वाटेतल्या एका खांबाची लाईट गेली की पुढचे सगळे गेले. जोडणी घेण्याआधी विचारावं असा हा प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

डब्याला बहुधा १२ व्होल्ट लागतात आणि तो दहा वॉटच्या आसपास खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची यूपीएसची बॅटरी निम्मीच रिकामी करायची असं धरलं तरी चार तास निघतात. तयार 'मिनी यूपीएस' मिळतात, त्या घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळतात का ते पाहा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो एकदाच चालेल. पाड्यावर सोलरच्या दिव्याची बॅटरी असते तिथे राउटर थेट लावण्याचा मोह होतो. भर उन्हात चार्ज होताना तिचा दाब चौदाच्या वर जातो. मधे डीसी टू डीसी कन्व्हर्टर हवाच.

गैरसमज: 'ग्रामपंचायतीत फायबर आलं, म्हणजे गावात नेट आलं'

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. ती पोचते ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत. मोखाड्यात एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, आणि त्यांच्यामध्ये ओढे, टेकड्या. हा शेवटचा टप्पा घरातल्या राउटरने पार होत नाही, चांगला वायफाय डबा मोकळ्यावरसुद्धा शे-दीडशे मीटरच्या पुढे फारसा जात नाही. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन चालतात. रस्त्याकडेने जाणाऱ्या फायबरची गत पुष्कळ पाड्यांसाठी तशीच आहे. ती शेजारून जाते.

घाटातला दुसरा प्रश्न तुटण्याचा. दरड कोसळली किंवा रस्त्याचं खोदकाम निघालं की एकच घाव पुरतो, कारण पहिल्या टप्प्यांतली जोडणी बरीचशी सरळ रेषेत होती. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच वर्तुळाकार जोडणीची योजना आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने येईल. हे सगळं डब्याच्या पलीकडचं. इथे राउटर बदलू नका, ग्रामसभेत बोला.

आणखी दोन समज, थोडक्यात. 'शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबी': नाही, भागिले आठ करा, साडेबारा. 'राउटरच्या किरणांनी आजार होतात': राउटर वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास शक्ती फेकतो आणि अंतर दुप्पट झालं की तिची तीव्रता चौथाईवर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातलं, हे खरं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे.

गैरसमज: 'आपल्या पाड्यात कोण येतंय पासवर्ड चोरायला?'

चोराला पाड्यात यावं लागत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरचे राउटर आणि कॅमेरे पकडले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता म्हणून. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आतल्या पानाचा वेगळा. लोक पहिला ठेवतात, दुसरा 'अॅडमिन'च राहतो. दोन्ही बदला. सुरक्षेच्या प्रकारात 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' निवडा, 'डब्ल्यूपीएस'चं बटण बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे. वायफायचं नाव लपवून काही साधत नाही, साध्या ॲपलाही ते दिसतं.

घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी 'गेस्ट नेटवर्क' चालू करावं. पाहुण्यांना नेट मिळतं, पण तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा बिलाच्या संगणकापर्यंत ते पोचत नाहीत. जोडणी तुमच्या नावावर आहे. तिच्यावरून कुणी काही उपद्व्याप केला तर चौकशीला आधी तुम्हालाच बोलावतील.

गैरसमज: 'बिघडलं की मागच्या भोकात पिन घालून दाबायचं'

ते रीस्टार्ट नव्हे, रीसेट. रीस्टार्ट म्हणजे लाईट बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं. त्याने काही जात नाही. पिन दाबून धरली की कंपनीने भरलेलं युजर नेम आणि पासवर्डही पुसला जातो, आणि मग चालू असलेलं नेटही बंद पडतं. शहरात तंत्रज्ञ संध्याकाळपर्यंत येतो. इथे तो एका फेरीत किती गावं होतील याचा हिशेब करून निघतो.

म्हणून जोडणी झाली त्याच दिवशी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या आणि कागद मीटरच्या पेटीत ठेवा: जोडणीचा युजर नेम आणि पासवर्ड, राउटरच्या पानाचा पत्ता, त्या पानाचा पासवर्ड, तक्रारीचा नंबर. फोनमध्ये ठेवू नका, कारण नेट गेल्यावर नेमका तोच फोन डिस्चार्ज असतो.

तक्रार करताना डब्यावरचे दिवे वाचून दाखवा. 'एलओएस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर काचेतून प्रकाशच येत नाही. फायबर कुठेतरी तुटली आहे, रीस्टार्ट करत बसू नका. 'पॉन' हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर प्रकाश येतोय पण खातं किंवा सेटिंग अडलंय; हे बरेचदा फोनवरच सुटतं. एकही दिवा नसेल तर अडॅप्टर. लाल दिव्याची खबर आधी मिळाली तर तंत्रज्ञ तुटलेली फायबर जोडणारं स्प्लाइसिंग मशीन सोबत घेऊनच घाट चढतो. नाहीतर तो नवा अडॅप्टर घेऊन येतो आणि मशीन आणायला परत खाली जातो.